पिशवी आधी भरा, दवाखाना नंतर

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांपेक्षा झेरॉक्सवाल्याकडे माझे जास्त खेटे झाले. रेशनकार्ड गावाला, आधार कपाटात, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला आणि आई आयसीयूच्या दारात. आता आई बहात्तरची आहे, वाई तालुक्यातल्या घरी एकटी राहते, मी पुण्यात आणि भाऊ ठाण्यात. या खेपेला ती धडधाकट असतानाच तिच्या सगळ्या कागदांची एक चेनची पिशवी भरून ठेवली. कुणाला त्याच वाटेने जायचं असेल, तर काय काय केलं ते सांगते.

सुरुवात नावापासून करा. आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आईच्या आधारवर नावापुढे ‘बाई’ आहे, पासबुकात नाही, आणि रेशनकार्डावर मधल्या नावात सासरेबुवा येऊन बसलेले. घरात हसायला होतं, रुग्णालयाच्या खिडकीवर होत नाही. जन्मतारखेचंही तेच. आईच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस आधारवर 1 जानेवारीला असतो. पुढे सांगते त्या सरकारी आरोग्य योजनेत वय आधारवरूनच धरतात आणि जन्मतारीख एरवी एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा हातात असल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू हवाच. आमच्याकडे तो वडिलांचा, केव्हाच बंद पडलेला होता. पोस्टमनकडून घरबसल्या नंबर बदलून मिळतो हे मला फार उशिरा कळलं.

मग कार्ड. आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते, प्रत्येकी नाही. घरात कुणाला केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. सत्तरीच्या आतल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघावी. तिला रेशनकार्ड लागतं.

कार्ड काढायला आईला सेतू केंद्रात नेलं. खुरपणी करून आणि राखेनं भांडी घासून झिजलेल्या अंगठ्याला रेषा कुठून राहणार? “आजी, परत लावा,” असं पोरगा चारदा म्हणाला. ओल्या फडक्याने बोट पुसून झालं, दुसरं बोट झालं. शेवटी तो म्हणाला, चेहऱ्यावर घेऊ. आईने चष्मा काढला, पदर सारखा केला आणि मशीनकडे अशी बघत राहिली जशी लग्नाच्या फोटोला बसलीय. झालं एकदाचं. तुमच्याकडेही अंगठा उठत नसेल तर परत फिरू नका, ओटीपी आणि चेहरा या दोन्ही सोयी आहेत, त्या मागून घ्या.

पण कार्ड हातात आलं म्हणजे काम झालं नाही. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं, ओपीडीच्या फीला आणि रोजच्या गोळ्यांना नाही. आणि चालतं ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच, तेही त्या रुग्णालयाला ज्या उपचारांची मान्यता आहे तेवढ्यापुरतंच. वडिलांच्या वेळी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात पोचलो, बाहेर योजनेचा फलक होता, आणि आत गेल्यावर कळलं की हृदयाचं इथे योजनेत होत नाही. अनामत भरावी लागली. त्यामुळे आत्ताच, कुणी आजारी नसताना, जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला गाठा. योजनेच्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. हृदय, हाड, मेंदू, डायलिसिस यांतलं काय काय इथे होतं ते विचारा आणि कागदावर लिहून आणा. माझ्या मते पिशवीतला सर्वांत मोलाचा कागद हाच.

रोजच्या बीपी-शुगरसाठी खासगीत पैसे घालवायचं कारण नाही. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि या गोळ्या फुकट मिळतात, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. गोळ्या कधी कधी संपलेल्या असतात, म्हणून पंधरा दिवसांचा साठा घरात असू द्या. तुमच्या वाडीच्या आशाताईंशी ओळख करून घ्या. “आई एकटी असते, जाता-येता हाक मारा,” एवढं सांगून माझा नंबर दिला. त्या बाईंचे कष्ट आणि त्यांना मिळणारा मोबदला यांचा मेळ नाही, हे जाता जाता नोंदवते. तेव्हा त्यांना हक्काने राबवू नका.

पैशांचं थोडक्यात. ज्यांच्या घरी खरंच पैशांची ओढाताण आहे त्यांच्यासाठी 65 वर्षांपुढे श्रावणबाळ योजनेत महिना 1500 रुपये आहेत, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21 हजार, त्यामुळे अर्ज तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यावरच अडतो. तो दाखला आधी काढा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, आणि त्यासाठीही पोस्टमन घरी येतो. एसटीत पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही, त्याआधी 65 पासून अर्धं. बँकेत नॉमिनीचं नाव एकदा डोळ्यांनी बघा.

आता अवघड विषय, जो आमच्याकडे जेवायला बसल्यावर कुणी काढत नाही. घर किंवा जमीन मुलांच्या नावावर करायची असेल तर ‘सांभाळ करील’ ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23 व्या कलमाखाली, अट मोडली तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. अट तोंडी असेल तर सिद्ध करता करता दम निघतो. मी भावासमोर हे बोलले तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. वहिनीच म्हणाली, “लिहा की. मलाही बरं.”

वहिनीवरून आठवलं. ‘सून बघेल’ ही तयारी नव्हे. आजारपण लांबलं तर कोण किती दिवस राहणार, रात्री कोण उठणार, खर्च कसा वाटायचा, हे आधीच बोलून घ्या. ब्यूरोमधून बाई ठेवायची वेळ आली तर बारा तासांचे की चोवीस तासांचे पैसे, डायपर बदलणार का, नळीवाटे भरवता येतं का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, इतकं स्पष्ट विचारा आणि पोलीस पडताळणी करून घ्या. वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी लगेच विकत घेऊ नका. बऱ्याच गावांत ज्येष्ठ नागरिक संघ किंवा एखादं मंडळ हे सामान अनामत घेऊन वापरायला देतं.

फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत आकडे चिकटवा. 108 रुग्णवाहिका. 14567 ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8. 14416 टेलिमानस, मन फार खचलं तर, चोवीस तास. हा शेवटचा आकडा आईने आधी काढून टाकायला लावला होता, “मला काय वेड लागलंय?” म्हणून. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तो पुन्हा चिकटवला, तेव्हा काही बोलली नाही. त्याखाली शेजारच्या काकूंचा नंबर आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते.

परवा गावी गेले तेव्हा पिशवी उघडून बघितली. कागद होते तसेच होते. तळाशी रुमालाच्या गाठीत दहा-वीसच्या नोटा आणि कातरलेल्या सुपारीची पुडी. “रिक्षावाल्याकडे कधी सुटे असतात का?” आई म्हणाली. माझ्या यादीत सुटे पैसे नव्हते. तुमच्या यादीत लिहून ठेवा.