पांदण, काळी माती आणि विदर्भाचं ऊन: ॲडव्हेंचर बाईकवाल्यांनो, या चुका टाळा

2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हीरोची एक्सपल्स 200 आली, आणि बघता बघता 21 इंची पुढचं चाक विदर्भातल्या तालुक्याच्या गावीही दिसायला लागलं. गाड्या चांगल्याच आहेत. पण त्या चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तयारी लडाख-स्पितीचे व्हिडिओ बघून झालेली असते. तिथली थंडी, तिथले दगड, तिथलं बर्फाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून जॅकेट घेतलं जातं, टायर घेतले जातात, सामान लादलं जातं. मग हीच गाडी जुलैत दर्यापूरच्या पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, किंवा मे महिन्यात चंद्रपूरच्या रस्त्यावर निघते आणि सगळं गणित चुकतं. आपल्या भागात गाडी चालवायची असेल तर आपली माती आणि आपलं ऊन धरूनच तयारी करायला हवी.

पाऊस उघडला की लगेच पांदणीत शिरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बुलढाण्यापासून वर्ध्यापर्यंतच्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं, म्हणून उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ही माती टायरच्या खाचांत बसते आणि थोड्याच अंतरात चाक गुळगुळीत होऊन जातं. जाड गोट्यांचा ऑफरोड टायरही इथे फार काही करू शकत नाही, कारण गोट्यांमधली जागाच भरून जाते.

पुढचं चाक आणि खालचं मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट असते. माती आधी तिथे थर धरते. मग त्यात सोयाबीनचं कुटार, गवताच्या काड्या मिसळतात आणि थर घट्ट होतो. चालती गाडी पुढून अडते, चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि चेनपाशी तोच प्रकार. अशा वेळी हाफ क्लच धरून ॲक्सिलरेटर पिळला की जळका वास येतो. तो क्लच प्लेटांचा असतो. वास आला की इंजिन बंद करा आणि चांगला अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. नंतर क्लचच्या दांड्याला थोडी ढिलाई उरली आहे का ते बघा. ती अजिबात उरली नसेल तर केबल जुळवून घेतल्याशिवाय निघू नका.

फसलेली गाडी काढायचा सोपा मार्ग असा. सामान उतरवा. मडगार्डमधली माती काडीने किंवा टायर लिव्हरने (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने) खरडून काढा. मागच्या टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत कमी करा. चाक खड्ड्यात रुतलं असेल तर गाडी अलगद एका कुशीवर आडवी करा, म्हणजे चाक वर येतं. मग खड्ड्यात दगड किंवा पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) भरून गाडी पुन्हा उभी करा. धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी कुणाच्या तरी चुलीसाठी ठेवलेली असते, तेव्हा शेतकऱ्याला विचारूनच हात लावा.

त्याहून बरं म्हणजे आत न शिरणं. कडक ऊन पडलं तर दोन दिवसांत पांदण बऱ्यापैकी आवळते. आणि रस्ता विचारताना नुसतं "हा रस्ता जातो का?" असं विचारू नका. बैलगाडी जाते त्या रस्त्यालाही लोक "जातो" म्हणतात. "आज कोणाची मोटरसायकल गेली का?" असं विचारा. "भाऊ, इकून नोका जाऊ, गाडी फसन," असं कुणी म्हटलं तर मोबाईलवरचा नकाशा बाजूला ठेवून त्या माणसाचं ऐका. तो नकाशा पांदणीलाही रस्ताच समजतो.

गाडीवर खर्च, अंगावर नाही

क्रॅश गार्ड, जादाचे दिवे, ॲल्युमिनियमच्या पेट्या यांवर लोक हजारो रुपये घालवतात आणि पायात स्पोर्ट्स शूज घालून निघतात. कच्च्या रस्त्यावरची पडझड बहुतेक वेळा कमी वेगात होते. गाडी एका बाजूला कलते, पाय आपोआप खाली जातो आणि दीडशे-दोनशे किलोचं वजन घोट्यावर येतं. म्हणून माझ्या मते खर्चाचा क्रम हेल्मेट, बूट, ग्लोव्ह्ज, नी-गार्ड आणि शेवटी जॅकेट असा असावा. सगळं एकदम जमत नसेल तर निदान या क्रमाने घेत जा.

हेल्मेटवर आयएसआय शिक्का आणि आयएस 4151 हा मानक क्रमांक असलाच पाहिजे. 1 जून 2021 पासून दुचाकीसाठी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरीही रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी हेल्मेटं विकायला मांडलेली दिसतात. ती घेऊ नका. हेल्मेट घालून डोकं जोरात हलवा. गाल त्याच्यासोबत ओढले गेले पाहिजेत. हेल्मेट वेगळं आणि डोकं वेगळं फिरत असेल तर माप मोठं आहे. एकदा जोराचा मार बसला की आतला थर्मोकोलसारखा थर दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून ओरखडाही दिसला नाही तरी ते हेल्मेट बदला.

बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि हाताने पिळले तर सहज न वळणारे हवेत. खास रायडिंगचे बूट परवडत नसतील तर घोटा झाकणारे जाड सेफ्टी शूज स्पोर्ट्स शूजपेक्षा कितीतरी बरे. लेस मात्र आत खोचा, गिअरच्या दांडीत अडकते.

जॅकेट घेताना आतली पॅडं बाहेर काढून बघा. कोपर-खांद्याच्या पॅडवर ईएन 1621-1 आणि पाठीच्या पॅडवर ईएन 1621-2 असा युरोपीय मानक क्रमांक छापलेला असतो, सोबत संरक्षणाची लेव्हल 1 किंवा 2. कित्येक जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घालून दिलेला असतो. तो काढून खरं पाठीचं पॅड वेगळं घ्यावं लागतं. दुकानात हँडल पकडल्यासारखे हात पुढे करा, गुडघे वाकवून उभे राहा आणि पॅडं कोपरावर-गुडघ्यावरच राहतात का ते तपासा. सरकणारं पॅड पडताना कामाला येत नाही.

ऊन लागतं म्हणून जॅकेट काढणं

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. हवा आपल्या कातडीपेक्षा गरम झाली की वारा थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो आणि घाम दिसायच्या आत उडवून नेतो. नुसत्या टी-शर्टवर चालवणाऱ्याला बरं वाटतं, पण त्याच्या अंगातलं पाणी जास्त वेगाने जातं. जाळीचं, फिक्या रंगाचं जॅकेट घ्या. आत सुती बनियन पाण्यात पिळून घाला. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे ओल्या कापडाने चांगला गारवा मिळतो. बनियन सुकलं की पुढच्या हापशीवर पुन्हा भिजवा.

तहान लागायची वाट बघू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं असतं. अर्ध्या बाटलीत घोळून घट्ट करून पिणं चुकीचं. मीठ घातलेलं ताक, पन्हं उत्तम. डोकं ठणकणं, मळमळ, गिअर चुकायला लागणं ही थांबायची वेळ आहे. घाम येणं बंद होऊन अंग तापलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि 108 ला फोन करा. उन्हाळ्यात पहाटे निघून 11 च्या आत मुक्कामावर पोहोचणं हीच रीत बरी. दुपारी झाडाखाली पडून राहण्यात काहीही कमीपणा नाही.

उभं राहायचं म्हणून ताठ उभं राहणं

खराब रस्त्यावर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहावं हे सगळ्यांना माहीत असतं. पण गुडघे ताठ, हात ताठ आणि हँडल घट्ट आवळलेलं, असं उभं राहिलं की प्रत्येक खड्डा सरळ खांद्यात जातो. गुडघे थोडे वाकवा, टाकीला हलकेच दाबून धरा, कोपरं बाहेर ठेवा. भार पायांवर हवा. बोटं हँडलवर नुसती ठेवल्यासारखी वाटली पाहिजेत. उभं राहताना हँडल फार खाली वाटून कमरेत वाकावं लागत असेल तर आधी हँडल थोडं वर फिरवून घ्या. ब्रेक आणि क्लचचे दांडे उभ्याने हाताळता येतील असे खाली वळवा. ही पाच मिनिटांची कामं आहेत, गॅरेजला जायचीही गरज नाही.

नजर चाकासमोरच्या दगडावर खिळली की गाडी त्याच दगडावर जाते. दहा-पंधरा मीटर पुढे बघा. बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोरीत शिरलात तर चाकोरीतूनच चला. हळूहळू तिरपं निघायला गेलात तर पुढचं चाक कडेला घासून गाडी आडवी होते. बाहेर यायचंच असेल तर कड खचलेली जागा शोधा आणि शक्य तितक्या आडव्या कोनात निघा.

मुरूम आणि गिट्टीवर पुढचा ब्रेक अजिबात वापरायचा नाही, हा समज चुकीचा आहे. हँडल सरळ असताना, एका-दोन बोटांनी, हळूहळू दाबत नेला तर तोच गाडी थांबवतो. वळणात किंवा हँडल तिरकं असताना झटक्याने दाबू नका, एवढंच. गाडीत सोय असेल तर कच्च्या रस्त्यावर मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करा, पुढचं चालू राहू द्या.

सरावाला आठवडी बाजाराचं मैदान चांगलं. बाजाराचा दिवस सोडला तर ते मोकळंच असतं. चार विटा ठेवा आणि पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून, हँडल पूर्ण वळवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा. गाडी आत कलवायची आणि अंग बाहेरच्या बाजूला ठेवायचं. हळू चालवता येणाऱ्याचे पाय पांदणीत फारसे खाली येत नाहीत.

पडलेली गाडी उचलायचाही सराव करा. किल स्विचने (हँडलवरच्या लाल बटणाने) इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटा. वाकून, पाठीच्या जोरावर उचलायला गेलात तर कंबर धरेल.

रपट्यावरचं पाणी

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा, मग पाणी कितीही कमी दिसो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुरात तालुक्याचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे आणि तिथले लोक पाणी उतरायची वाट बघतात. आपणही बघायची. लहान नाल्याचं पाणी काही तासांत उतरतं.

एरवीच्या संथ पाण्यात आधी चालत जाऊन बघा. तळ लागत नसेल किंवा पाणी गुडघ्याला येत असेल तर परत फिरा. बारमाही ओल्या रपट्यावर शेवाळ असतं. तिथे सरळ रेषेत, एकसारख्या गतीने, ब्रेक न लावता निघा.

गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो भिजलेला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका, टेम्पोत घालून न्या.

पंक्चर, सामान, रात्र

एक्सपल्स आणि जुन्या हिमालयनच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते आणि बाभळीचा काटा तिच्यासाठी पुरेसा आहे. गावातल्या पंक्चरच्या दुकानात 17-18 इंची ट्यूब मिळते, 21 इंची सहसा मिळत नाही. ती सोबतच ठेवा. अडीअडचणीला तीच मागच्या चाकातही घालून जवळच्या गावापर्यंत येता येतं. टायर लिव्हर आणि छोटा पंप घेतलात तर घरच्या अंगणात एकदा चाक खोलून बसवून बघा. कच्च्या रस्त्यावर हवा नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय कमी ठेवा, पण ट्यूब असेल तर 20 च्या खाली जाऊ नका, दगडावर रिमखाली ट्यूब चिमटते. 18-20 चा आकडा फक्त फसलेली गाडी काढण्यापुरता. डांबरी लागली की हवा पुन्हा भरा.

जड सामान खाली आणि पुढे, सीटच्या जवळ. मागच्या टोकाला उंच पेटी बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि मुरमात हँडल भरकटतं.

कापणीच्या दिवसांत सोयाबीन, तुरीच्या काड्या रस्त्यावरच पसरलेल्या असतात. त्या कोरड्या काड्यांवर टायर घसरतो, आणि त्या सायलेन्सरमध्ये अडकून पेटूही शकतात. पार झालात की थांबून खाली वाकून बघा. तापलेली गाडी वाळलेल्या गवतात उभी करू नका. मोहफुलांच्या दिवसांत मेळघाट-गडचिरोलीचं जंगल पाचोळ्याने भरलेलं असतं, तिथे एवढी आच पुरते.

अंधार पडल्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर न बघता रस्त्यावर येतात आणि कापसाच्या बैलगाड्यांना मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. परतवाडा-सेमाडोह-धारणी किंवा आलापल्ली-भामरागड अशा रस्त्यांवर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, पेट्रोल पंपही लांब लांब. निघण्याआधी टाकी भरा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कोणत्या रस्त्याने आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार ते घरी लिहून ठेवा. वन विभागाच्या नाक्यावर रस्ता किती वाजता बंद होतो हे विचारा आणि त्या वेळेच्या तासभर आधी पलीकडे पोहोचता येईल असाच बेत ठेवा.