टिल्ट-शिफ्ट लेन्स घेऊन निघण्याआधी

बॅटऱ्या, कार्डं, पाण्याची बाटली, टोपी. यासाठी यादी लागत नाही. यादी लागते ती टिल्टसाठी. टिल्ट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर कलवणं; शिफ्ट म्हणजे कॅमेरा वर न कलवता नुसती लेन्स वर-खाली किंवा बाजूला सरकवणं, म्हणजे इमारतीच्या उभ्या रेघा सरळ राहतात. लेन्स पिशवीतून काढली की आधी टिल्टची मोजपट्टी बघायची, शून्यावर आणायची, खटका लावायचा आणि मगच ती कॅमेऱ्याला जोडायची. मागच्या खेपेला मी हे केलं नाही. एका वास्तुविशारदासाठी मुंबईच्या फोर्टातल्या इमारती काढल्या, शिफ्ट मनसोक्त वापरला, भिंती अगदी ओळंब्यात आल्या. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक फोटोत मधला उभा पट्टा धारदार आणि दोन्ही बाजू सॉफ्ट. शिफ्ट केलं की कडा थोड्या सॉफ्ट होतातच, म्हणून आधी दोष शिफ्टला दिला. मग लेन्स हातात घेऊन पाहिली. टिल्ट एक अंशावर होता. भाड्याची लेन्स, आधीच्या कुणीतरी फिरवून तशीच सोडलेली.

तर टिल्ट शून्य. पुढे परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

एका अंशाने एवढं काय होतं, हे एकदा समजून घेतलेलं बरं. साध्या लेन्समध्ये फोकसचं प्रतल सेन्सरला समांतर असतं. लेन्स कलली की ते प्रतलही कलतं, आणि सेन्सर, लेन्स आणि फोकस ही तिन्ही प्रतलं एका रेषेत भेटतात. हा नियम श्याइम्फ्लूग या ऑस्ट्रियन सैन्यातल्या कॅप्टनच्या नावाने चालतो. बलूनमधून काढलेले हवाई फोटो सरळ करायच्या खटपटीतून त्याने 1904 साली पेटंट घेतलं. पॅरिसच्या झ्यूल कार्पांत्येने 1901 मध्येच तसं पेटंट घेतलं होतं, पण नाव कॅप्टनचं राहिलं. कामाचा भाग पुढचा आहे. कललेलं प्रतल लेन्सपासून ठरावीक अंतरावरच्या एका बिजागरीभोवती फिरतं. फोकल लांबीला टिल्टच्या कोनाच्या साइनने भागलं की ते अंतर मिळतं. 24 मिमी लेन्स, एक अंश टिल्ट: बिजागरी 1.4 मीटरच्याही आत येते. म्हणजे तुम्ही समोरच्या दर्शनी भिंतीवर फोकस करता आणि तुमचं फोकसचं प्रतल त्या भिंतीला आडवं कापून जातं. एफ/8 वर, म्हणजे छिद्र बारीक असताना, फोकसची खोली बरीच असल्यामुळे कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसतं. फसगत होते ती इथे. टिल्ट ठार चुकला असता तर जागच्या जागी कळलं असतं. थोडासा चुकलेला टिल्ट घरी पोचेपर्यंत कळत नाही.

घरून निघण्याआधी एक चाचणी करा, विशेषतः लेन्स भाड्याची असेल तर. सपाट भिंतीवर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे वर्तमानपत्राची पानं चिकटवा, वर-खालीही एकेक. ट्रायपॉड भिंतीसमोर दोनेक मीटरवर, कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर, छिद्र पूर्ण उघडं, फोकस मधल्या पानावर. मोठं करून बघा. पाचही पानांवरची अक्षरं सारखी वाचता आली तर शून्य खरंच शून्य आहे. नाही आली तर आधी कॅमेरा समांतर आहे का ते तपासा, मग टिल्टचा खटका पुन्हा बसवा. पडून मार खाल्लेल्या लेन्सचं शून्य सरकलेलं असू शकतं. अशी लेन्स दुकानातच परत करा.

लेन्स कोणती, यावर मी फार बोलणार नाही. 1973 साली कॅननने 35 मिमी कॅमेऱ्यासाठी टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही असलेली पहिली लेन्स काढली. निकॉनची फक्त शिफ्टवाली त्याच्याही आधीची, साठच्या दशकातली. आज इमारतींसाठी कॅननची 24 मिमी, दुसरी आवृत्ती, हीच शिकायला धरा: शिफ्ट दोन्ही बाजूंना 12 मिमी, टिल्ट साडेआठ अंशांपर्यंत, आणि टिल्ट शून्यावर अडकवून ठेवणारा वेगळा खटका. त्या खटक्यासाठी मी या लेन्सचे बाकी सगळे दोष माफ करतो. 17 मिमी मोहात पाडते, पण तिची पुढची काच फुगीर आहे, फिल्टर चढत नाही, बोट लागलं की डाग. कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरचा असेल तर 24 मिमी तितकी रुंद दिसणार नाही. आणि ज्या कॅमेऱ्यांचं वरचं नाकाड पुढे आलेलं असतं, त्यांत शिफ्टचा नॉब अडकतो. दुकानातच जोडून, चारही दिशांना फिरवून बघा. बघताना टिल्टला हात लागतो. म्हणून दुकानातून निघताना पुन्हा शून्य.

या लेन्सना ऑटोफोकस नसतो. चष्मा विसरू नका.

ट्रायपॉड हवाच, हातात धरून शिकणं म्हणजे वेळ घालवणं. त्यावर गिअर असलेलं, एकेक दिशा वेगळी फिरवणारं हेड मिळालं तर सोनं; बॉल हेडवर एक बाजू सरळ करायला जावं तर दुसरी बिघडते. पाणसळ दोन प्रकारची न्या: कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक आणि फ्लॅशच्या खाचेत बसणारी बुडबुड्याची. दोघींचं पटलं नाही तर पडद्यावर जाळी लावून एखाद्या खांबाच्या कडेवर विश्वास ठेवा. ब्रिटिशकालीन इमारतींचे खांब बहुधा सरळ असतात, फुटपाथ मात्र कधीच नसतो. पाणसळीचं एवढं महत्त्व का, तर शिफ्टचा सगळा खेळ सेन्सर उभा असण्यावर आहे. कॅमेरा वर कललेला आणि शिफ्टही केलेला, म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

जागा आधी कागदावर ठरवा. हा भाग सगळ्यात मजेचा आणि लोक हाच टाळतात. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर काढायचा आहे असं धरा. मनोरा 85 मीटर उंच, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा, 1878 मध्ये पुरा झाला. कॅमेरा पाणसळीत, उभा धरलेला, सेन्सरची उंची 36 मिमी. शिफ्टशिवाय मध्यापासून वर 18 मिमी मिळतात. 18 भागिले 24 म्हणजे 0.75. कॅमेऱ्याच्या उंचीपासून वर, अंतराच्या पाऊणपट तेवढं दिसणार. टोक चौकटीत यायला मनोऱ्यापासून सुमारे 111 मीटर मागे जावं लागेल, आणि फोटोचा खालचा अर्धा भाग मैदानाच्या मातीने भरेल. आता शिफ्ट वर 12 मिमी: 18 अधिक 12, तीस, तीस भागिले 24 म्हणजे सव्वा. अंतर 67 मीटरवर आलं आणि मातीही कमी झाली. कॅमेरा आडवा असेल तर 12 अधिक 12, म्हणजे अंतर जवळपास मनोऱ्याच्या उंचीइतकंच. एवढं गणित पाकिटाच्या पाठीवर होतं. ते केलं की तिथे जाऊन ट्रायपॉड घेऊन क्रिकेटवाल्यांच्या पिचवरून मागे-मागे सरकत शिव्या खाव्या लागत नाहीत. टोकाच्या वर थोडं आकाश लागतं, म्हणून निघालेल्या आकड्यात आठ-दहा मीटर वाढवा.

उजेडही आधी ठरवा. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि त्यातला हा मनोरा, त्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे दुपार कलल्यावरचा उजेड. समोरची आर्ट डेको रांग पूर्वेकडे तोंड करून, तिला सकाळ. 2018 मध्ये दोन्ही बाजू मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या, पण सूर्य दोघींना एकदम मिळत नाही. एका दिवसात दोन्ही काढायचा हट्ट असेल तर मधल्या वेळेत लेन्स पिशवीत जाईल. बाहेर आली की? टिल्ट शून्य. खटका लागलाय का, बोटाने चाचपून. डोळ्याने नाही, बोटाने.

ट्रायपॉड उघडला की वॉचमन येतो. आवाराच्या आत काढायचं असेल तर परवानगी आधीच लेखी घ्या, तोंडी परवानगी देणाऱ्याची त्या दिवशी सुट्टी असते. पावसाळ्यात या लेन्स नेऊ नका. सरकणारे सांधे असल्यामुळे पाणी-धूळ अडवायची सोय त्यांत नसते. गेटवेजवळची खारी हवासुद्धा पुसून काढावी लागते.

जागेवरचा क्रम एकच, आणि तो मोडायचा नाही. ट्रायपॉड, पाणसळ, टिल्ट शून्य, मग शिफ्ट शून्यावर असतानाच एक्स्पोजर मोजून मॅन्युअलवर पक्कं. डीएसएलआर शिफ्ट केल्यावर चुकीचं मोजतो. मिररलेस बरा, तरी मॅन्युअलच ठेवा, नाहीतर एकमेकींना जोडून मोठं चित्र करायच्या फ्रेम एक उजळ, एक काळी येतात. त्यानंतर शिफ्टने चौकट बसवा, कॅमेरा हलवून नव्हे. शिफ्टचा लॉक आवळा. वर सरकवलेला लेन्सचा भार गुरुत्वाकर्षणाने हळूहळू घसरतो आणि लांब एक्स्पोजरमध्ये दुहेरी रेघ येते. आवळताना मात्र नॉब बघून आवळा. लेन्सवर चार नॉब आहेत, घाईत टिल्टचा हातात येतो. मग काय झालं असेल ते तुम्हाला आता माहीत आहे.

मग फोकस, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं चालू चित्र) दहापट मोठा करून. मध्यावर एकदा, डाव्या टोकावर एकदा, उजव्या टोकावर एकदा. फोकसची रिंग न हलवता तिन्हीकडे बघायचं. टिल्ट राहिला असेल तर तो इथे पकडला जातो, आणि हे मी त्या दिवशी फक्त मध्यावर केलं. छिद्र एफ/8 ते एफ/11. त्याच्या पुढे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच थोडं बोथट होतं. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद. पोलरायझर फिल्टर घरी ठेवा, एवढ्या रुंद लेन्समध्ये आकाशात काळा डाग पडतो. फिल्टर एकावर एक चढवले तर पूर्ण शिफ्टवर कोपरे कापले जातात.

पूर्ण सरळ केलेला फार उंच मनोरा वरून जड दिसतो, जणू डोक्यावर पडेल. किंचित निमुळतेपणा राहू द्या. वास्तुविशारद तक्रार करतो, डोळा करत नाही.

टिल्ट शिकायचा तो शिफ्ट हातात बसल्यावर. लोक उलट करतात: पहिल्याच दिवशी गच्चीवर जाऊन रस्त्यावरच्या गाड्या खेळण्यासारख्या करतात. ते फोनमधल्या ॲपमध्येही होतं, त्यासाठी एवढी लेन्स नको. टिल्टचं खरं काम जमिनीवर पसरलेल्या गोष्टींसाठी: फरसबंदी, फुलांचा सडा, टेबलावरचं ताट. लेन्स खाली कलवायची. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची म्हणजे बिजागरीचं अंतर धरायचं. 24 मिमी, उंची दीड मीटर: टिल्ट एक अंशालाही जरा कमी. कॅमेरा 40 सेंटिमीटरवर उतरवला तर साडेतीनच्या आसपास. ताटासाठी 90 मिमी 60 सेंटिमीटरवरून, तर साडेआठच्या वर. लांबच्या गोष्टीवर फोकसची रिंग, जवळच्या गोष्टीवर टिल्ट, आणि पुन्हा लांबचं तपासा. दोन-तीन फेऱ्यांत जुळतं. फोकसची खोली आता पाचरीसारखी असते, जवळ अरुंद, लांब रुंद, म्हणून अगदी पुढे उभी बाटली ठेवलीत तर तिचं तोंड सॉफ्ट येणारच, कितीही नॉब फिरवा. आणि त्या फेऱ्या संपल्या, ताट खाऊन झालं, की टिल्ट शून्यावर आणि खटका. तिथेच, टेबलापाशी. पिशवीत टाकण्याआधी.

जोडायच्या फ्रेम: कॅमेरा आडवा, शिफ्ट पूर्ण डावीकडे, मध्ये, पूर्ण उजवीकडे. 36 मिमीच्या सेन्सरवर 60 मिमी रुंदीचं चित्र मिळतं. लांबच्या इमारतीला चालतं. जवळ खांब असेल तर लेन्स सरकल्याने तो जुळत नाही, मग लेन्सला ट्रायपॉडवर जागच्या जागी धरणारी कॉलर लागते.

टिल्ट-शिफ्टचे आकडे कॅननच्या या ईएफ लेन्सच्या फाइलमध्ये नोंदले जात नाहीत. वहीत लिहा: फ्रेम, शिफ्ट किती, टिल्ट किती. टिल्टच्या रकान्यात दर वेळी शून्य लिहायला कंटाळा येतो, तरी लिहा, कारण लिहायला म्हणून बघितलं जातं.

घरी आल्यावर: सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल बंद, ते लेन्स मध्यावर आहे असं धरून चालतं आणि शिफ्ट केलेल्या फ्रेमच्या एका कडेला भलताच उजेड देतं. आधी जोडणी, मग रंग. दोन प्रती. लेन्स भाड्याची असेल तर सकाळी दुकान उघडायच्या वेळी परत, दुपारनंतर दुसऱ्या दिवसाचं भाडं लावतात.