काचेच्या टेबलावर माऊस अडखळत असेल तर
ऑप्टिकल माऊसच्या तळाशी असलेला इवलासा कॅमेरा पृष्ठभागाची दर सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांतील बारीक खडबडीतपणा ताडून पाहून बाण कुठे व किती सरकवायचा, हे ठरवतो. नितळ काचेवर किंवा चकचकीत सनमायकावर त्याला ताडण्याजोगे फारसे काही सापडत नाही, म्हणून बाण उड्या मारतो किंवा जागीच थिजतो. अशा वेळी नवा माऊस घेण्याची घाई करू नये. माऊसपॅड नसेल, तर वहीचा साधा, चकाकी नसलेला पुठ्ठाही चालतो. तरीही बाण थरथरत असल्यास माऊस बंद करून उलटा करावा आणि भिंगाच्या खळग्यात अडकलेला केस किंवा धूळ कोरड्या इअरबडने हलकेच काढावी.