भंगारातल्या पाट्याला पाणी देताना या चुका टाळा

ट्रकचा तुटका पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) भंगारवाल्याकडून किलोवर आणायचा, भट्टीत लाल करून ठोकायचा आणि त्याचा कोयता, कुऱ्हाड नाहीतर छिन्नी करायची, हे काम गावोगावी चालते. माल चांगलाच असतो. तरी एका कोयत्याची धार चार दिवसांत वळते, दुसऱ्याची चकती उडते आणि तिसरा तेलात घालताच कडकन तडकतो. मग बोल पाण्याला, म्हणजे तापवून एकदम विझवण्याला, लागतो. खरे तर चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच होऊन गेलेली असते.

एक गोष्ट मनात पक्की असली की पुढचे बरेच सोपे जाते. तापवणे आणि थंड करणे यांनी पोलादाची आतली रचना पुसून नव्याने मांडता येते. त्यात कार्बन किती आहे, तांबे किती मिसळले आहे, तडा कुठे लपला आहे, हे मात्र भट्टी पुसत नाही.

दिसेल ते लोखंड कडक होईल असे समजणे

पाण्याने कडक होण्यासाठी पोलादात पुरेसा कार्बन लागतो. पाट्यात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, जोडीला सिलिकॉन आणि मँगनीज, किंवा क्रोमियम. कानशीत १ टक्क्याच्या वर, बेअरिंगच्या एन-३१ पोलादात सुमारे १ टक्का. साध्या अँगल-पट्टीत मात्र ०.२५ टक्क्यांच्या आत. तिला कितीही पाणी द्या, कोयत्याची धार येणार नाही.

बांधकामाच्या टीएमटी सळईची छिन्नी करणारे इथेच फसतात. फे ५०० प्रतीच्या सळईत कार्बन ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तिची ताकद येते ती रोलिंगनंतर पाण्याच्या माऱ्याने बनलेल्या बाहेरच्या कड्यातून. आत फेराइट-पर्लाइट या रचनेचा मऊ गाभा, बाहेर टेम्पर झालेल्या, म्हणजे विझल्यावर पुन्हा थोड्या तापलेल्या, मार्टेन्साइटचे (विझवल्याने बनणाऱ्या कडक रचनेचे) कडे. सळई भट्टीत लाल झाली की ते कडे गेले. बांधकामावर सळई गॅस कटरने तापवून वाकवतात तेव्हाही हेच होते, आणि ती सळई पुढे स्लॅबमध्ये झाकली जाते म्हणून कुणाला कळत नाही.

गिअर आणि पिनचा धोका वेगळा. यातले बरेचसे केस-हार्डन असतात, म्हणजे वरच्या मिलिमीटरभर थरातच भरपूर कार्बन आणि आत मवाळ पोलाद. कानस वरून घसरते, माणूस खूश होतो आणि ठोकून झाल्यावर धार नेमकी आतल्या मऊ भागात निघते.

म्हणून तुकडा कापून चाचणी घ्या. बोटभर तुकडा चुंबकाला चिकटेनासा होईपर्यंत आणि त्याहून थोडा जास्त तापवा, तेलात विझवा, व्हाइसमध्ये धरून तोडा. गॉगल लावूनच. वाकला तर कार्बन कमी. करकरीत तुटला आणि तुटलेली बाजू बारीक, राखाडी, मखमली दिसली तर माल घ्यायला हरकत नाही.

जुन्या तड्याकडे डोळेझाक

पाटा भंगारात येतो तो बहुतेक वेळा थकून. लाखो हेलकाव्यांनी मधल्या बोल्टच्या भोकापासून किंवा गंजाच्या खड्ड्यापासून तडा सुरू होतो आणि सरकत राहतो. एका जागी तुटलेल्या पाट्यात शेजारी दुसरा अर्धवट तडा असू शकतो. ठोकल्याने तो दबतो, जुळत नाही, कारण आत गंज आणि खवले अडकलेले असतात. घासून साफ केलेल्या पाट्याला रॉकेल लावा, थोडा वेळ थांबा, कोरडे पुसा आणि खडू फासा. तड्यातले रॉकेल खडूवर रेघ ओढते. भोकाजवळचा भाग तर कापूनच टाकावा. वेल्डिंगने तडा भरण्याच्या भानगडीत पडू नये. इतक्या कार्बनच्या पोलादात वेल्डशेजारचा पट्टा कडक होतो आणि तिथेच नवा तडा जातो.

जास्त तापवणे

नुकसान सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून जरा सविस्तर. विझवण्यासाठी पाटा साधारण ८५० अंश सेल्सिअसला पुरतो. भर उन्हात काम करणाऱ्याला लाल रंग फिका दिसतो, म्हणून तो आणखी भाता मारतो आणि तापमान हजारावर जाते. मग आतले ऑस्टेनाइटचे (लाल तापलेल्या पोलादातल्या रचनेचे) कण वाढत जातात. त्याच अवस्थेत विझवले तर मोडलेली बाजू साखरेसारखी चमकते आणि कोयता ठिसूळ निघतो. काम सावलीत, शक्यतो एका ठरलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात करा आणि चुंबक जवळ ठेवा.

कण वाढले असतील तर उपाय आहे. विझवण्याआधी तुकडा ८५०-८७० अंशांपर्यंत तापवून वाऱ्याबाहेर, हवेत काळा होईपर्यंत थंड होऊ द्या. असे दोन-तीनदा केले की कण पुन्हा बारीक होतात. ठिणग्या उडेपर्यंत जळलेल्या तुकड्याला मात्र इलाज नाही. कणांच्या सीमा आतून ऑक्सिडाइझ झालेल्या असतात. तो तुकडा परत भंगारात.

एन-३१ ची तऱ्हा उलटीच. जास्त तापवले की जास्त कार्बन ऑस्टेनाइटमध्ये विरघळतो, विझवल्यावर त्यातला काही भाग न बदलता तसाच राहतो आणि तुकडा अपेक्षेपेक्षा मऊ लागतो. कारागीर पुढच्या वेळी आणखी तापवतो!

बराच वेळ भट्टीत ठेवल्याने पृष्ठभागाचा कार्बनही जळून जातो. सिलिकॉनवाल्या पाट्यात हे जास्त होते. कानस वर लागली म्हणून लगेच निराश होऊ नका. अर्धा मिलिमीटर घासा, मग पुन्हा तपासा.

पाणी, तेल आणि घाई

पाणी द्यायचे म्हणतो, तरी पाट्याला तेलच योग्य. मार्टेन्साइट बनताना आकारमान वाढते. पाण्यात बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला नंतर फुगतो आणि बाहेरचा फाटतो. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. पातळ झाल्याने ते उष्णता लवकर ओढते. पाते उभे, धारेच्या रेषेत घाला. आडवे घातले की वाकते. तेलाच्या भांड्याला झाकण हवेच, आणि तेलात पाणी नको. जळके इंजिन तेल फुकट मिळते, पण त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नाही. जस्त चढवलेला तुकडा तर भट्टीत घालूच नये, त्या धुराने ताप भरतो.

विझवलेले पाते हाताला कोमट लागले की टेम्परिंगला, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा हलके तापवायला, घ्या. उद्यावर ढकललेली पाती रात्रीत तडकतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा रंग येतो, २७५ च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. झटके सोसणाऱ्या कोयत्याला आणि कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्याकडे न्या. सिलिकॉनमुळे पाटा साध्या कार्बन पोलादापेक्षा सावकाश मऊ पडतो, म्हणून रंग दिसताच उतरवू नका, तासभर त्या तापमानाला राहू द्या.

वितळवले की सगळे नवे होते हा समज

जालन्यासारख्या ठिकाणी भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून सळईचा कच्चा माल बनतो. वितळल्याने जुने तडे आणि जुनी रचना जाते. तांबे जात नाही. लोखंडाआधी तांब्याचे ऑक्साइड होत नाही, त्यामुळे ते मळीत उतरत नाही. मोटारीच्या वायंडिंगसकट टाकलेले भंगार म्हणून महागात पडते: पुढे बिलेट (ओतलेला पोलादी ठोकळा) तापवताना वरचे लोखंड खवल्यांत जाते, तांबे पृष्ठभागावर साठते, १०८३ अंशांच्या आसपास वितळून कणांच्या सीमांत शिरते आणि रोलिंगमध्ये पृष्ठभाग फाटतो. कथिल असेल तर आणखी वाईट. त्यामुळे तारा, मोटारी, आर्मेचर भट्टीच्या आधी, हातानेच वेगळे काढावे लागतात.

शेवटी ग्राइंडरवर घालवणे

सगळे नीट जमलेले पाते धार लावताना दोन सेकंदांत निळे पडते. तेवढी कड पुन्हा टेम्पर झाली, म्हणजे मऊ पडली. हात उघडा ठेवा, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा, दाब कमी ठेवा. निळा पट्टा बारीक असेल तर सावकाश घासून काढा, खालचे पोलाद शाबूत असते. निळेपणा पात्याच्या रुंदीत आत शिरला असेल तर पुन्हा भट्टी, पुन्हा तेल.