लिस्बन पायी पाहायचंय? मग चढू नका, उतरा

लिस्बन टेकड्यांवर वसलंय. नकाशात बोटभर अंतरावरची दोन ठिकाणं, आणि मध्ये शंभर-दीडशे पायऱ्या! म्हणून चढायचं यंत्राने, उतरायचं पायांनी.

आधी बूट. इथले फुटपाथ चुनखडीच्या छोट्या दगडांचे आहेत, घासून घासून गुळगुळीत झालेले. पावसात तर शेवाळलेल्या घाटावर चालल्यासारखं वाटतं. रबरी तळव्याचेच बूट घाला.

सकाळी नऊपर्यंत बाइशा या सपाट भागात या. रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. वर बाहेर पडून थोडं चाललात की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी. तुम्ही घाम न गाळता किल्ल्याखाली पोचता. २८ नंबरच्या ट्रामचा मोह आवरा. गर्दी फार आणि खिसेकापूही. साओ जॉर्ज किल्ला वेळ असेल तरच करा. रायगड-राजगड पाहिलेल्यांना तटबंदीचं फार अप्रूप वाटणार नाही.

तिथून सांता लुझियाच्या गच्चीवर या. खाली लाल कौलं, पलीकडे तेजो नदी. चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, त्यात नदीकाठचा मोठा चौक आणि तिथला राजवाडा १७५५ च्या भूकंपाआधी कसा होता ते दिसतं. हे चित्र नीट लक्षात ठेवा, दुपारी कामाला येईल.

आता मोबाइल खिशात ठेवा आणि आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांत शिरा. चुकलात तरी बिघडत नाही, उतार शेवटी नदीकडेच नेतो. वाळत घातलेले कपडे, खिडकीतून चाललेल्या गप्पा, हेच इथलं पाहण्यासारखं. दुकानांच्या पाट्या मात्र वाचत चला. किल्ल्या बनवणाऱ्याकडे ‘शावे’ म्हणजे आपली चावी, बेकरीत ‘पाँव’ म्हणजे पाव. जेवताना ‘काल्दु वेर्द’ सूप मागवा: त्यात ‘बटाटा’ आणि ‘कोव’, म्हणजे आपल्या कोबीचा भाऊबंद. गोव्यामार्गे आलेले हे शब्द इथे मूळ घरी भेटतात. एक सावधगिरी: न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज बिलात लागतात. नको असतील तर लगेच परत द्या.

जेवून नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियु चौकात या. सकाळच्या चित्रातला चौक तो हाच. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सणाच्या दिवशी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग लाटा आणि आग. चित्रातला राजवाडा गेला तो तेव्हाच. राजाचा मंत्री, पोंबालचा मार्केस (सरदार), याने बाइशा नव्याने आखून घेतलं: सरळ रस्ते, आणि धक्का सोसावा म्हणून भिंतींच्या आत लाकडी पिंजरे. आल्फामाच्या वळणांनंतर हे सरळ रस्ते पाहिलेत की फरक आपोआप कळतो.

मग बाइशा-शियादु मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यांनी वर शियादु भागात जा. तिथून कार्मुचा मठ जवळच. त्याचं छप्पर त्याच भूकंपात कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी आणि वर आकाश. (रविवारी बंद.) दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

संध्याकाळी रोसियु चौकाकडे उतरा. शेजारच्या साओ दोमिंगुश चर्चमध्ये १९५९ च्या आगीचे व्रण खांबांवर तसेच ठेवलेत. बाहेरच्या चिंचोळ्या दुकानात उभ्या-उभ्या जिंजिन्या ही आंबट चेरीची दारू मिळते. विक्रेता विचारेल, फळासकट की फळाविना? फळासकट घ्या, आणि बी कुठे टाकायची ते इतरांकडे बघून ठरवा.