निष्पर्ण झाडं ओळखताय? या चुका टाळा

माघ-फाल्गुनात सह्याद्रीच्या पानझडी जंगलात त्याच त्या चुका ऐकून कान किटलेत.

सगळ्यात जास्त चीड येते ती खोडावर काटे दिसले की ‘सावर!’ म्हणून मोकळं होण्याची. मागे एका गटातल्या उत्साही मुलाने वाटेवरच्या काटेरी झाडाला सावर ठरवलं, नोंद केली आणि पुढे निघालासुद्धा. जरा फांद्या बघ म्हटलं, तर उत्तर काय? ‘काटे आहेत ना!’ बाकीच्यांनीही तेच उतरवून घेतलं. पुढे झाड फुललं, तेव्हा फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलांचे तुरे होते, एकेका फुलाची एकच पाकळी मोठी. पांगारा! सावरीच्या फुलाला पाच जाडजूड पाकळ्या असतात. पण फुलं येईपर्यंत थांबायची गरजच नव्हती. सावरीचे काटे बुडाशी रुंद आणि शंकूसारखे, पांगाऱ्याचे बारीक आणि काळपट. तरुण सावरीच्या फांद्या एकाच उंचीवरून चहूबाजूंना आडव्या फुटतात, वर पुन्हा तसाच थर. पांगाऱ्यात असे थर नसतात. आणि जुन्या सावरीच्या खोडावरचे काटे झडून जातात, म्हणून बिनकाट्याचं खोड बघून सावर बाद करू नका.

बुंध्याशी पडलेल्या पानावरून नाव ठरवू नका. सागाचं पान वाऱ्याने कुठल्याही झाडाखाली जातं. वर काय टिकलंय ते बघा: सागाचे वाळके तुरे, बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा, शिरीषाच्या फिकट, खुळखुळणाऱ्या शेंगा. माझ्या गळ्यात दुर्बीण असते ती पक्ष्यांइतकीच यासाठी.

पांढरट खोड म्हणजे कांडोळच असं नाही. धावडा आणि बोंडाराही फिकट असतात. कांडोळाच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात, तेही जवळ जाऊन बघावं.

नुसत्या खोडाचा फोटो अ‍ॅपला दाखवून मिळालेलं नाव मी वहीत लिहीत नाही. हाताशी येणारी डहाळी धरून पानांचे वण, म्हणजे पान गळल्यावर देठाच्या जागी राहिलेल्या खुणा, बघते. सागाचे वण समोरासमोर आणि कोवळी डहाळी चौकोनी. पळसाचे वण एकाआड एक. एवढं बघायला मिनिटभरही लागत नाही, पण तेवढाही धीर नसतो.

आणि पानं नाहीत म्हणून झाड ‘वाळलंय’ असं कृपा करून म्हणू नका. असं म्हणूनच चांगली झाडं तोडली जातात. शंका असेल तर बारक्या डहाळीची साल नखाने किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. खोडावर कोयता मारून बघायचं काहीच कारण नाही.