साखर सोडायची आहे? आधी चहातली साखर मोजा

आमच्याकडे गोव्यात, फोंड्यात कोणाच्याही घरी गेलं की पहिला चहा येतो आणि तो गोडच येतो, नको म्हटलं तर काकी लोकांना वाईट वाटतं. म्हणून साखर सोडणं इथे जरा जडच जातं. पण २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभरातला मधुमेहाचा अभ्यास आला त्यात गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक. माझे बाबा त्यातलेच, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरचाच आहे.

सुरुवात अशी करा. एका रिकाम्या बरणीत दिवसभर चहात जेवढे चमचे साखर घालता तेवढीच साखर बाजूला टाकत जा, आठवडाभर. मी केलं होतं. चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दिवसाला आठ चमचे आणि एक चमचा साधारण ४ ग्रॅम धरला तर ३२ ग्रॅम. सात दिवसांनी बरणीत पाव किलोच्या जवळ साखर बघून मी गप्पच झाले, कारण महिन्याला जवळजवळ किलोभर साखर मी एकटी नुसत्या चहातून पोटात घालत होते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्के जमलं तर अजून चांगलं, आणि ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. ते सहा चमचे माझे दुपारीच संपत होते.

एकदम बंद करू नका असं मी म्हणेन. काहींना जमतं, बहुतेकांना नाही. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, चार आठवड्यांत शून्यावर येता. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, चार वाजता काहीतरी गोड पाहिजेच असं वाटतं, त्या वेळेला भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं हाताशी ठेवा, पोट भरलेलं असलं की ओढ कमी होते. माझ्या जिभेला तीनेक आठवडे लागले, मग दुसऱ्याचा चहा पिववेना इतका गोड लागायला लागला. हॉटेलात मात्र चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो, त्यामुळे ऑर्डर देतानाच "बिनसाखरेचा वेगळा काढा" म्हणून सांगावं लागतं.

आता गुळाचं. "मी साखर सोडली, माडाचा गूळ खातो" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. माडाचा गूळ चवीला सुंदरच, आमची दोदोल ही मिठाई त्याच्याशिवाय होत नाही, पण तोही बहुतांशी साखरच आहे आणि रक्तात जाऊन साखरेसारखाच वागतो. मधाचं पण तेच. अख्खं फळ खा, त्याला हरकत नाही, त्यात तंतू असतात म्हणून साखर हळू शोषली जाते. ज्यूस नको.

प्यायच्या गोष्टींत खरी फसगत होते. बाटलीतलं कोकम सरबत घेताना मागचं लेबल वाचा, जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो आणि साखर बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या नंबरवर असते. कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. उराकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूच्या सीझनला त्यात लिंबाचं कोल्ड्रिंक ओततात, ती साखर तर कोणी मोजतच नाही. त्यापेक्षा जेवणात बिनसाखरेची सोलकढी घ्या. आणि गोडव्यासाठी त्या शुगर-फ्री गोळ्यांकडे वळू नका, वजन कमी करायला त्या वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय.

शरीरात होतं काय? साखरेत अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, तो मुख्यतः लिव्हरमध्ये जातो आणि जास्त झाला की त्याची चरबी बनते, फॅटी लिव्हर आणि वाढलेले ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) यात याचा मोठा हात आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, दात किडतात ते त्यामुळे. साखर कमी केली की या सगळ्यावरचा भार हलका होतो. फरक बघायचा तर एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची टेस्ट करा, पण तीन महिन्यांनी, कारण ती टेस्ट साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवते.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. घरात कोणी इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोड बंद करू नका. बाबांनी उत्साहात चहातली साखर आणि सकाळचा पाव एकदम सोडला, गोळी मात्र तीच घेतली, रक्तातली साखर फार उतरली, अकरा वाजता हात थरथरायला लागले, दरदरून घाम. तेव्हा मी त्यांना साखरच पाण्यात घालून दिली आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून गोळीचा डोस बदलून आणला.

चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या होणारच, नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या पण. मी खाते. जेवण झाल्यावर दोन, ताटात काढून, डबा आत ठेवून, आणि त्यांच्याबरोबरचा चहा बिनसाखरेचा.